पान नेमकं कधी वाढतं आणि रात्रीची साखर कुठून येते: चालू कामाच्या नोंदी

काम दोन भागात आहे. पानाची वाढ चोवीस तास कॅमेऱ्याने मोजायची आणि त्याच वेळी पानात स्टार्च किती उरलाय ते आयोडीनने बघायचं. झाड उजेडात जी साखर बनवतं त्यातली काही लगेच सुक्रोज होऊन पानाबाहेर जाते, उरलेली हरितलवकात स्टार्च म्हणून साठते, आणि रात्री तो साठा फोडून श्वसन आणि वाढ दोन्ही चालतं. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, मला ते साध्या सेटअपवर दिसतं का ते बघायचंय. थिअरी फार लिहिणार नाही, कुठे अडलं तेच जास्त येईल.

५ फेब्रुवारी

दोन खोकी तयार. प्लायवूड, आतून पांढरा रंग, झाकणाला एलईडी पॅनल, टायमरवर १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. दोन खोकी अशासाठी की एकाची रात्र बदलता यावी आणि दुसऱ्याची तशीच राहावी. एकाच खोक्यात आधी हे मग ते केलं तर मधल्या काळात झाडाचं वय बदलतं आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

अंधार म्हणजे खरंच अंधार आहे का हे तपासायला खोक्यात डोकं घालून वरून जाड चादर घेतली आणि डोळे सरावेपर्यंत बसलो. वायर आत येते तिथून उजेड, बिजागरीतून उजेड, आणि सगळ्यात भारी म्हणजे आत ठेवलेल्या थर्मामीटरचा स्वतःचाच हिरवा दिवा. सगळीकडे काळी टेप. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

८ फेब्रुवारी

कॅमेरा. साध्या वेबकॅममधली इन्फ्रारेड अडवणारी काच काढायची असते म्हणजे तो अंधारात इन्फ्रारेड दिव्यावर फोटो काढतो. काच काढताना पहिल्या वेबकॅमचा सेन्सर ओरखडला, तो गेला. दुसऱ्याला लेन्स पूर्ण फिरवून बाहेर काढली आणि मग काच उचकटली, तशीच करा.

इन्फ्रारेड दिवे घेताना ९४० नॅनोमीटरचे घ्या. ८५० वाले स्वस्त आणि जास्त उजेडी असतात पण त्यांची लालसर झाक डोळ्यालाही दिसते. झाडाचा फायटोक्रोम नावाचा रंगकण लाल (६६० च्या आसपास) आणि दूरच्या लाल (७३० च्या आसपास) उजेडावर चालतो, तेव्हा त्या पट्ट्यापासून जितकं लांब राहता येईल तितकं बरं.

आता खरी डोकेदुखी. दिवसा पांढरा उजेड, रात्री इन्फ्रारेड, दोन्हीचा फोकस वेगळा, एक्स्पोजर वेगळं, आणि दिवा लागला की पानाची कडा दोन पिक्सेल सरकलेली दिसते. म्हणजे दर सकाळी पान एका क्षणात वाढतं! यावर उपाय असा की इन्फ्रारेड दिवे दिवसाही चालूच ठेवायचे आणि लेन्सवर असा फिल्टर लावायचा जो दिसणारा उजेड अडवतो आणि इन्फ्रारेड जाऊ देतो. जुन्या रंगीत फिल्मच्या रोलचं पूर्ण एक्स्पोज होऊन डेव्हलप झालेलं काळं टोक असतं ना, त्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवले की काम होतं. आता दिवस आणि रात्र दोन्हीचे फोटो सारखेच दिसतात. कॅमेऱ्याला कळतच नाही दिवा कधी लागला.

१२ फेब्रुवारी

पान उठून दिसावं म्हणून मागे काळं कापड लावलं, आणि फोटोत कापड पांढरंफटक. बऱ्याच काळ्या कापडांचा रंग इन्फ्रारेड शोषतच नाही, परावर्तित करतो, आणि पानही इन्फ्रारेडमध्ये पांढरंच दिसतं, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. घरात काळं जे जे होतं ते कॅमेऱ्यासमोर धरून पाहिलं. काजळी मिसळलेला काळा रंग दिलेला पुठ्ठा सगळ्यात काळा आला. विकत घेण्याआधी फोटो काढून बघा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

१६ फेब्रुवारी

घेवड्याचा पहिला पूर्ण ग्राफ. दर संध्याकाळी पानाचं क्षेत्रफळ झपकन कमी आणि पहाटे परत जास्त. दोन मिनिटं आनंद झाला, मग फोटो एकामागे एक पळवून बघितले. पान लहान वगैरे काही होत नाही, ते झोपतं. घेवड्याच्या देठाच्या टोकाला सांधा असतो, त्यातल्या पेशींमधलं पाणी इकडून तिकडे गेलं की पातं खाली वळतं, आणि वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला तिरपं पान म्हणजे लहान पान. आणि हे उजेड गेल्यामुळे होतं असंही नाही, दिवा जायच्या आधीच पातं वळायला लागतं. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात ठेवून पाहिलं होतं की उजेड नसतानाही पानं वेळेवर उघडतात मिटतात, तीच ही गोष्ट, फक्त मला ती नको होती.

उपाय म्हणून पान सपाट धरायचं. पानाच्या कडेला पाच-सहा ठिकाणी बारीक दोरे चिकटवून ते पानाभोवतीच्या रिंगवरून बाहेर घ्यायचे आणि टोकाला छोटे नट बांधायचे, म्हणजे पान ताणून सपाट राहतं पण वाढलं की दोरा सोडतो. नट जड झाले तर कड फाटते. सुपरग्लूने कड करपली, शेवटी पानाला न चावणारी छोटी प्लॅस्टिकची क्लिप चालली.

१८ फेब्रुवारी

घेवडा बांधूनही सांध्याशी झगडत राहतो, देठ पिळवटतं. कॅमेऱ्यासाठी एरंड घेतला. एरंडाच्या पानाच्या वाढीवर बरंच काम झालंय, पान मोठं, शिरा ठसठशीत, आणि वाढीचा जोर रात्रीच्या शेवटी आणि पहाटे असतो हे माहीत आहे, म्हणजे माझं यंत्र बरोबर चालतंय का ते ताडता येईल. घेवडा आयोडीनच्या कामाला ठेवतो.

एरंडाच्या बियांमध्ये रायसिन असतं, जबरदस्त विषारी. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर हे झाड घेऊ नका, तंबाखूचं पानही याच पद्धतीने चालतं.

क्षेत्रफळ मोजण्याचा नाद सोडला. आता शिरांच्या फाट्यांमधली अंतरं मोजतोय. मार्करचे ठिपके देऊन पाहिले होते, शाईतल्या स्पिरिटने ठिपक्याखालचं पान मेलं आणि ती जागा वाढेनाशी झाली. शिरांचे फाटे फुकट आहेत आणि पुसले जात नाहीत. फक्त टोकाकडचे फाटे घेऊ नका. पानाचं टोक आधी प्रौढ होतं आणि बुडाकडचा भाग नंतरही वाढत राहतो, त्यामुळे टोकावर काही हलतच नाही.

कोवळं पान दिवसाला २०-२५ टक्के वाढतं असं धरलं तरी तासाला जेमतेम एक टक्का येतो. म्हणजे दोन फोटोंमधला फरक पिक्सेलच्या अपूर्णांकात. दर पाच मिनिटांनी फोटो काढून तासाभराची सरासरी घ्यायला लागलो तेव्हा कुठे ग्राफ माणसात आला.

२१ फेब्रुवारी

दुसऱ्या खोक्यात मका आहे. मक्याच्या पानाला कॅमेरा लागत नाही, टोकाला क्लिप, क्लिपला दोरा, दोरा कप्पीवरून, दुसऱ्या टोकाला हलकं वजन, आणि कप्पीच्या आसाला पोटेंशिओमीटर, म्हणजे कप्पी किती फिरली ते मोजणारा भाग. पान ताशी दोन-तीन मिलीमीटर लांब होतं त्यामुळे वाचन सोपं. ग्राफ इतका सुंदर आला की फ्रेम करून लावावा. दिवसा चढ, रात्री उतार, रोज तसाच.

आणि तो तापमानाचा ग्राफ निघाला. दिवा चालू असताना खोकं ३१ अंशांवर जातं, बंद झाला की २३ वर येतं, आणि दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. मक्याचा वाढणारा भाग पानाच्या बुडाशी, बाकीच्या पानांच्या गुंडाळीत, मातीजवळ असतो. तिथलं तापमान बदललं की वाढ लगेच बदलते. मका, भात यांची पानं तापमानाच्या मागे जातात आणि एरंड, तंबाखू यांच्या पानात आतल्या घड्याळाचा ताल दिसतो, हा फरक २०१० च्या आसपास चांगला मोजला गेलाय. म्हणजे मी मक्याचा महागडा थर्मामीटर बनवला होता.

२४ फेब्रुवारी

एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर खोक्याबाहेर काढला, कॉम्प्युटरचा फॅन बसवला, आणि रात्रीसाठी कुंडीखाली हीट मॅट थर्मोस्टॅटवर. आधी मी सेन्सर खोक्याच्या भिंतीला लावला होता, हवा समतोल आणि मक्याचं बूड वेगळ्याच तापमानाला. सेन्सर बुडाशी दोऱ्याने बांधा. आता दिवसरात्रीचा फरक एका अंशाच्या आत आहे आणि मक्याचा डोंगर सपाट झाला. जवळजवळ.

राहिलं ते एवढंच की दिवा लागला की वाढ एकदम खाली बसते आणि हळूहळू सावरते. पर्णरंध्रं उघडतात, पाणी उडायला लागतं, पेशींमधला दाब जरा कमी होतो, ते पटण्यासारखं आहे. पण खात्री करायला मक्याऐवजी जमिनीत रोवलेल्या काडीला दोरा बांधला आणि एक दिवस चालू ठेवला. काडीसुद्धा "वाढते" आणि "आक्रसते"! नायलॉनचा दोरा हवेतल्या ओलाव्याने लांब-आखूड होतो, आणि दिवा लागला की खोक्यातला ओलावा बदलतो. मासेमारीचा विणलेला पॉलिएथिलीनचा दोरा लावल्यावर काडी गप्प बसली. दिवा लागल्यावरचा मक्याचा खड्डा लहान झाला पण गेला नाही, म्हणजे तेवढा खरा. दोऱ्याने वाढ मोजणाऱ्या प्रत्येकाने ही काडीची चाचणी पहिल्याच दिवशी करावी, माझा सगळा आधीचा डेटा यात गेला.

२८ फेब्रुवारी

एरंडाचा ग्राफ, स्थिर तापमानात. मध्यरात्रीनंतर वाढ चढत जाते, उजेड लागायच्या सुमारास सगळ्यात वर, दुपारनंतर उतरत संध्याकाळी सगळ्यात खाली. उजेड सुरू व्हायच्या आधीच चढ सुरू होतो हे महत्त्वाचं. मग दिवा सतत चालू ठेवून पाहिला, चढउतार लहान झाला तरी तसाच चालू राहिला. एकदाचं यंत्रावर भरवसा बसला.

यातली गंमत बघा. वाढीचा जोर पहाटे, म्हणजे शेवटची साखर आत येऊन सगळ्यात जास्त तास झालेले असतात तेव्हा. ती सगळी वाढ आदल्या दिवशीच्या स्टार्चवर चाललेली असते. अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळांमध्ये वापरतात ते मोहरीच्या कुळातलं छोटं झाड) याचे असे म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेली झाडं, आहेत ज्यांना स्टार्च बनवताच येत नाही. सतत उजेडात ती झाडं जवळजवळ नेहमीसारखी वाढतात आणि लहान दिवस, लांब रात्र दिली की खुरटतात.

३ मार्च

आयोडीनचं काम सुरू. पद्धत जुनीच, युलियस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात आयोडीनने स्टार्चला येणाऱ्या निळ्या-काळ्या रंगावरूनच दाखवलं होतं की पानातला स्टार्च उजेडात बनतो. पान उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, मग गरम अल्कोहोलमध्ये हिरवा रंग जाईपर्यंत, मग धुऊन आयोडीन. अल्कोहोल विस्तवावर कधीच तापवायचं नाही. पाणी उकळा, गॅस बंद करा, भांडं तिथून दुसऱ्या जागी न्या आणि मग त्यात अल्कोहोलची बाटली झाकण सैल ठेवून बसवा.

पूर्ण पानाऐवजी पंचिंग मशीनने चकत्या काढतोय, मधली शीर सोडून. पहिल्या फेरीत संध्याकाळची चकती काळीकुट्ट आणि मध्यरात्रीची पण काळीकुट्ट. आयोडीन कडक असेल तर अर्धा स्टार्चही पूर्ण काळा दिसतो. चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ केलं आणि ठरावीक वेळ बुडवून लगेच धुतलं तेव्हा करड्याच्या छटा दिसायला लागल्या.

छटा मोजायला चकत्या काचेवर ठेवून खालून उजेड देऊन फोटो. प्रत्येक फोटोत दोन साक्षीदार चकत्या हव्यातच, एक दोन दिवस अंधारात ठेवलेल्या झाडाची (स्टार्च शून्य) आणि एक संध्याकाळची (पूर्ण भरलेली), त्याच आयोडीनमध्ये त्याच वेळी बुडवलेल्या. नाहीतर कालचा करडा आणि आजचा करडा यांची तुलना करत बसाल.

आणखी एक, पान कोणतं घेता याने सगळं बदलतं. कोवळं पान स्वतःच बाहेरून साखर घेत असतं. घेवड्याची पहिली समोरासमोरची जोडी सगळ्यात कामाची. दोन्ही पानं एकाच वयाची, एकाच झाडाची, एक संध्याकाळी काढायचं आणि दुसरं पहाटे.

६ मार्च

रात्री ३ वाजता उठून चकत्या काढणं मला जमणार नाही हे लक्षात आलं. शिवाय त्या वेळी हातात टॉर्च, टॉर्चला हिरवा कागद, आणि हिरवा मंद उजेडही झाडाला अगदीच शून्य नसतो. सरळ खोक्याची रात्र माझ्या दिवसात आणली. टायमर असा लावला की उजेड माझ्या रात्री ९ ला लागतो आणि सकाळी ९ ला जातो. झाडाचं घड्याळ सरकायला काही दिवस जातात, तोवरचे नमुने घेऊ नका. एक आठवडा जाईल पण झोप वाचेल.

१४ मार्च

आता मुख्य प्रयोग, ज्यासाठी दोन खोकी केली. झाडाला न सांगता रात्र लवकर आणायची.

इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटर या वनस्पती संशोधन संस्थेत अ‍ॅलिसन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिसवर हे केलंय. १२ तासांऐवजी ८ तासांनीच अंधार केला तरी झाड त्याच रात्री स्टार्च फोडण्याचा वेग कमी करतं आणि साठा पहाटेपर्यंत पुरवतं, पहाटे जेमतेम ५ टक्के उरतो. घड्याळाची सीसीए१ आणि एलएचवाय ही दोन जीन्स बिघडलेली झाडं मात्र पहाटेच्या तीन-चार तास आधीच रिकामी होतात. २०१३ मध्ये त्याच संस्थेतून गणिती मॉडेल आलं की पान एक प्रकारे भागाकार करतं, उरलेला साठा भागिले पहाटेला उरलेले तास.

मी आधी दर तासाला चकत्या काढणार होतो. मग कागदावर हिशोब केला आणि कळलं की खरा निकाल एकाच वेळेच्या नमुन्यात आहे. दिवसभर स्टार्च सारख्या वेगाने साठतो असं धरा. ८ तासांत साठा दोन तृतीयांश. नेहमीच्या वेगाने पूर्ण साठा १२ तासांत संपतो, म्हणजे दोन तृतीयांश साठा ८ तासांत संपेल. आता रात्र १६ तासांची आहे. म्हणजे वेग बदलला नसेल तर अंधार झाल्यावर ८ तासांनी चकती कोरी. वेग निम्मा केला असेल तर त्या वेळी साठ्याचा निम्मा भाग, म्हणजे पूर्ण दिवसाच्या एक तृतीयांश, उरलेला असेल. आणि नेहमीच्या खोक्यातही अंधारानंतर ८ तासांनी बरोबर एक तृतीयांशच उरतो. म्हणजे दोन्ही खोक्यांच्या आठव्या तासाच्या चकत्या सारख्या दिसल्या पाहिजेत.

१६ मार्च

सारख्या दिसल्या. अगदी सारख्या नाही, लवकर रात्रीच्या चकत्या जराशा फिक्या होत्या, पण कोऱ्या अजिबात नाहीत, निळसर करडा स्पष्ट. शून्यवाली साक्षीदार चकती शेजारी फिकट पिवळी पडलेली होती त्यामुळे शंकाच राहिली नाही. खोक्याच्या पहाटे दोन्हीकडच्या चकत्या जवळजवळ फिक्या.

एक झाड मात्र हट्टी, त्याच्या चकत्या पहाटेही गडद. उलटून पाहिलं तर शेंग धरायच्या बेतातलं झाड होतं आणि जोडीतलं पान पिवळं व्हायला लागलं होतं. म्हातारी पानं घेऊ नका. आयोडीनचा करडा म्हणजे टक्केवारी नव्हे हेही सांगून ठेवतो, "आहे, अर्धवट आहे, नाही" इतकंच तो सांगतो. आकडे हवे असतील तर स्टार्च एन्झाइमने फोडून ग्लुकोज मोजावा लागेल.

जाता जाता मक्याच्या पानाचा पातळ तुकडा आयोडीन लावून साध्या मायक्रोस्कोपखाली बघितला. निळा रंग फक्त शिरांच्या कडेने, रेघा ओढल्यासारखा, मधली जागा कोरी. मक्यात स्टार्च शिरांभोवतीच्या आवरणाच्या पेशींमध्ये साठतो म्हणून तसं. आणि कांद्याच्या पातीवर आयोडीन वाया घालवू नका, तिच्यात स्टार्च साठतच नाही.

२० मार्च

एरंडाला उलटं करून पाहिलं, पहाट लांबवली. उजेड ज्या वेळी लागायचा तेव्हा लावलाच नाही, सहा तास उशिरा लावला. वाढ नेहमीसारखी चढत गेली, पहाटेची वेळ टळल्यावर थोडा वेळ टिकली आणि मग घसरली. मला वाटलं होतं उजेड लागला की लगेच उसळेल. नाही. दिवा लागल्यावरही बराच वेळ सुस्तच. साखर लगेच बनायला लागली असणार, पण उपाशी राहिल्यावर झाड वाढ बंद करतं आणि साखर आल्या आल्या ती परत सुरू करत नाही, हे अरॅबिडॉप्सिसमध्येही मोजलं गेलंय. माझ्याकडे हे एकाच झाडावर झालंय त्यामुळे फार ताणत नाही, पण फिल्टरवाला कॅमेरा नसता तर दिवा लागण्याच्या क्षणाचा हा भाग मी नक्कीच चुकीचा वाचला असता.

२३ मार्च

पुढचं काम २८ तासांचा दिवस, १४ उजेड १४ अंधार. अरॅबिडॉप्सिसमध्ये तिथे झाड फसतं. आतलं घड्याळ २४ तासांच्या हिशोबाने पहाट धरतं, त्यामुळे आधीच्या पहाटेपासून साधारण २४ तासांनी स्टार्च संपतो आणि पुढचे चार तास उपाशी. घेवडा पण फसतो का ते बघायचंय. साधा टायमर २४ तासांतच फिरतो, त्याला २८ सांगता येत नाही, म्हणून प्रोग्रॅमेबल रिले जोडतोय. रिलेच्या बोर्डावर लाल दिवा आहे, तो आधी टेपने झाकला. घेवड्याची जुनी झाडं शेंगांवर आली, नवीन बिया काल पेरल्या आहेत, पहिली जोडी पूर्ण उघडली की सुरू.